ईद पाहिल्याशिवाय सही नाही

चालू असलेल्या वस्तूवर अविश्वास दाखवावा तो आमच्या साडूंनीच. बंद पडलेल्या वस्तूबद्दल त्यांची कधीच तक्रार नसे. "बंद आहे ना, मग निदान तिचं काय ते कळलं तरी," असं ते म्हणत. पण एखादी गोष्ट व्यवस्थित चालू आहे असं कुणी सांगितलं की ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत आणि ती कधी बंद पडते याची वाट पाहत. इकडे आपल्याकडे आणि तिकडे दुबईत मिळून मी बरीच माणसं पाहिली, पण असा माणूस दुसरा पाहिला नाही. या स्वभावापायी एकदा आमच्या सगळ्या कंपनीचा जीव टांगणीला लागला होता. तारीख वीस डिसेंबर १९९९, वार सोमवार. रक्कम तीन लाख साठ हजार दिरहॅम, तेव्हाच्या भावाने बेचाळीस लाख रुपयांच्या वर. हजर चौघे: कंपनीचे मालक, नवे जनरल मॅनेजर, अकाउंटंट म्हणून मी, आणि साडू. सही हवी होती ती साडूंची, आणि ते ती करत नव्हते.

त्यांचं नाव मी इथे देत नाही, आणि दिलं तरी आमच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाला ते ओळखू येणार नाही. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो. ते ऐकून ऐकून टेलिफोनवर बसणारी केरळी मुलगी त्यांना 'साडू सर' म्हणू लागली, मग सगळेच म्हणू लागले. हे एखादं हुद्द्याचं नाव असावं अशी नव्या मुलांची समजूत होती. एकाने तर मला विचारलं होतं, "सर, साडू बनने के लिए कितने साल का एक्सपीरियन्स लगता है?"

साडू मिरजेचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. शारजात रोल्लाला राहत. तिथे बिऱ्हाड मांडलं तेव्हा फ्रिज घ्यायला म्हणून ते दुपारी पाच वाजता एका दुकानात शिरले आणि आठ वाजेपर्यंत तिथेच उभे होते. दुकानदार दार उघडून दाखवी, थंडी दाखवी, बर्फ दाखवी. साडू म्हणत, "चालू झालेला दिसला. आता आपला आपण बंद होऊ दे, मग परत चालू होऊ दे." दुकानदाराने चहा मागवला, स्टूल दिलं, आणि नमाजाची वेळ झाल्यावर "आप बैठेही हैं तो जरा दुकान देखना" म्हणून निघून गेला. तेवढ्या वेळात साडूंनी एका गिऱ्हाइकाला, तो विकत घेऊ पाहत असलेला फ्रिज अजून तपासून झालेला नाही असं सांगून परत पाठवलं. फ्लॅट भाड्याने घेतानाही तेच. रिकाम्या फ्लॅटमध्ये पेपर आणि घडीची खुर्ची घेऊन ते अख्खी दुपार बसले, कारण पश्चिमेच्या भिंतीवर ऊन किती वाजेपर्यंत राहतं ते एजंटने तोंडी सांगितलं होतं. मुलगी बघायला ते तीनदा गेले होते. दोनदा रीतसर आणि तिसऱ्यांदा न सांगता, भर दुपारी बारा वाजता, घर एरवी कसं असतं ते बघायला. सासूबाई तेव्हा पापड वाळत घालत होत्या. त्यांनी जावई होऊ घातलेल्या या गृहस्थाला कावळे हाकायला बसवलं. लग्न ठरलं, त्याअर्थी घर पास झालं असावं. आमच्याकडे जेवायला आले तर पानावर कधी "छान झालंय" म्हणत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येई. "काल जेवण चांगलं होतं. त्रास काही झाला नाही." माझी बायको हे कौतुक मानायची की अपमान, ते तिलाही कधी ठरवता आलं नाही.

अशा माणसाचं आमच्या कंपनीत सुरुवातीला फार बरं चाललं. दुबईच्या बर दुबई भागात एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही सातजण होतो. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचे आणि विकायचे. मालक उल्हासनगरचे सिंधी, मराठी आमच्याइतकंच बोलत. स्वतः खोकी उचलत. साडूंनी जोडलेला कॉम्प्युटर परत येत नाही अशी ख्याती झाली. तो त्यांच्या हातून वेळेवर बाहेरही जात नसे, पण गिऱ्हाइकं थांबत. मीही त्यांच्याच शब्दावर ठाण्याची नोकरी सोडून आलो होतो. अर्थात त्यांनी मला बोलावलं नव्हतं. त्यांनी फक्त कळवलं होतं, "कंपनी दोन वर्षं पाहतो आहे. पगार दर महिन्याला होतो."

मग कंपनी वाढायला लागली. कॉम्प्युटरवरून आम्ही सॉफ्टवेअरवर गेलो आणि दीड वर्षात सातांचे एकशे चाळीस झालो. शेख झायेद रोडवर काचेच्या इमारतीत जागा घेतली. नव्या माणसांआधी त्यांच्या खुर्च्या येत, त्यांच्या प्लॅस्टिकवर बसूनच मुलाखती चालत. हुद्दे इतक्या वेगाने बदलत की छापलेली व्हिजिटिंग कार्डं मी मुलांना भाजीची यादी लिहायला घरी नेत असे. वर्षातून दोनदा पगारवाढ मिळे. ती सगळेजण आधी दिरहॅममध्ये आणि मग मोठ्याने रुपयांत सांगत. माझी मुलं ऊद मेथाच्या शाळेत, घर करामा भागात, गाडी हप्त्यावर. मीही खूश होतो, नाही असं नाही. फक्त महिनाअखेरीला बँकेची शिल्लक मी दोनदा मोजून बघायचो. आत येणाऱ्या पैशापेक्षा बाहेर जाणारा पैसा दर महिन्याला पुढे होता. मधली तूट काही गुंतवणूकदार मंडळींच्या पैशाने भरली जाई. त्यांनी पुढचा मोठा हप्ता द्यायचं कबूल केलं होतं, पण वर्षअखेरपर्यंत ठरलेला बिलांचा आकडा गाठला तरच.

तो आकडा गाठण्यासाठी मालकांनी जनरल मॅनेजर आणले. ते दिल्लीचे, अमेरिकेत शिकलेले, वय बत्तीस. हुशार होते, हे मान्य केलं पाहिजे. शनिवारी सकाळी सगळ्यांना उभं करून ते बोलत. त्यांच्या बोलण्यात 'स्पीड' हा शब्द किती वेळा येतो यावर मागची मुलं पैज लावत. त्यांचं आणि साडूंचं पहिल्याच महिन्यात वाजलं. बाहेरच्या पाहुण्यांसमोर मॅनेजरसाहेबांचं प्रात्यक्षिक चालू होतं. "आमच्याकडे वीज गेली तरी काम थांबत नाही" असं ते सांगत असताना साडूंनी खाली जाऊन मेन स्विच पाडला. एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही, बॅटऱ्यांनी सगळं तोलून धरलं. प्रोजेक्टरला बॅटरी जोडायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे मॅनेजरसाहेब काळोखात, हातातल्या पेनाचा लाल ठिपका भिंतीवर नाचवत उभे राहिले. नंतर त्यांनी जाब विचारला तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "सर, बिजली बोलके थोडी जाती है."

आता त्या सहीकडे येतो. खोर फक्कान बंदराजवळ एका खाजगी व्यापाऱ्याचं कंटेनर ठेवायचं यार्ड होतं. बोटीतून उतरलेला कंटेनर मालक येऊन नेईपर्यंत तिथे पडून राही. पहिले सात दिवस भाडं नाही, त्यानंतर रोजचं भाडं. सुट्टीचे दिवस मोजायचे नाहीत. हे सगळं मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही दिलं होतं. काम पूर्ण झाल्याचा दाखला आमच्या माणसाने आणि यार्डाच्या मॅनेजरने मिळून सही करायचा आणि मग बिल पाठवायचं, असा करार होता. आमचा माणूस म्हणजे साडू. ते नेहमीप्रमाणे यार्डात जाऊन बसले. काही विचारत नसत, नुसते बसत. ट्रकवाल्या पठाणांबरोबर चहा पीत, फळांचे कंटेनर सोडवायला आलेल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या कटकटी ऐकत. बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं की आमच्या मुंबईच्या प्रोग्रॅमर मुलांनी पुढच्या पाच वर्षांच्या ईदच्या तारखा प्रोग्रॅममध्ये पक्क्या घालून ठेवल्या आहेत. कुठून घातल्या, तर ऑफिसातल्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवरून. लाल रंगात छापल्या होत्या, म्हणजे सुट्टी. गणपती आणि दिवाळी पाहून वाढलेल्या मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं.

"पण ईद अशी कॅलेंडरात येत नाही," वीस तारखेच्या त्या मीटिंगमध्ये साडू म्हणाले. "चंद्र दिसला तर येते. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसला तर तीस रोजे. कॅलेंडरवाल्याने तीस धरलेत. एकोणतीस झाले तर आपली सगळी सुट्टी एका दिवसाने सरकली. मग संत्र्याच्या कंटेनरवाल्याला एका दिवसाचं भाडं फुकटचं लागणार. तो भांडणार कुणाशी, कॉम्प्युटरशी?"

नवं साल लागताच जगातले कॉम्प्युटर तारीख चुकून बंद पडतील अशी तेव्हा सगळीकडे धास्ती होती. मॅनेजरसाहेबांनी मालकांकडे पाहिलं. "हमने पूरा वायटूके टेस्ट किया है. दुनिया एक जनवरी से डर रही है और ये आदमी चाँद से."

"एक जानेवारी येणार हे सगळ्यांना माहीत आहे," साडू म्हणाले. "म्हणून मला तिची काळजी नाही."

"तो सोल्यूशन क्या है?"

"यार्डातल्या माणसाला सुट्टी स्वतः भरता आली पाहिजे. एक स्क्रीन. तीन आठवड्यांचं काम."

"नेक्स्ट व्हर्जन में डालेंगे. अभी साइन कीजिए."

"मग ही ईद जाऊ द्या. बघतो आणि करतो."

ईद जानेवारीत होती आणि बिल डिसेंबरात हवं होतं. मालक बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत राहिले. मग सगळे उठल्यावर मला मागे थांबवून म्हणाले, "तुमचे नातेवाईक आहेत. समजवा. नाहीतर मी मध्ये पडणार नाही, सांगून ठेवतो."

नोकरी गेली म्हणजे तिकडे नुसता पगार जात नसे. व्हिसा कंपनीचा. तो रद्द झाला की बायको-मुलांचाही रद्द, आणि मोजक्या दिवसांत गाशा गुंडाळायचा. साडूंची एकुलती एक मुलगी त्या वर्षी दहावीला होती. परीक्षा मार्चमध्ये, आणि वर्षाच्या मध्येच तिला मिरजेची कुठली शाळा घेणार? त्या संध्याकाळी मी रोल्लाला गेलो तेव्हा हे सगळं ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, कळलेलं होतं. त्या कांदा चिरत होत्या. कांदा बराच चिरून झाला होता, तरी चिरत होत्या.

"साडूभाऊ," मी म्हटलं, "एक दिवसाचं भाडं म्हणजे किती? मी हिशेब केलाय. सगळे कंटेनर धरले तरी पाच-सहा हजार दिरहॅमच्या वर जात नाही. चुकलंच तर कंपनी भरून देईल."

"कंपनी भरून देईल असं लिहून देता?"

कंपनीची शिल्लक मला ठाऊक होती.

आतून मुलगी आली. "बाबा, जस्ट साइन इट ना. इट्स ओन्ली अ सिग्नेचर."

"काय लिहिलंय त्याच्यावर, वाच," साडूंनी कागद तिच्यापुढे धरला.

तिने वाचलं. "आय हॅव सीन द सिस्टिम वर्किंग इन ऑल कंडिशन्स."

"मी पाहिलं का?"

"नो. बट नोबडी डझ, बाबा."

"मग नोबडीने सही करावी."

ताई तेवढ्यात एकच वाक्य बोलल्या, तेही माझ्याकडे बघून. "लग्नाला अठरा वर्षं झाली. अजून मला पास केलंय की नाही माहीत नाही." त्यावर साडू हसले, मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत.

सत्तावीस तारखेला साडूंना नोटिशीचं पत्र मिळालं. तीस दिवसांची नोटीस, कारण कामात असहकार. त्यांच्या शेवटच्या हिशेबाचा कागद मलाच तयार करावा लागला. सहा वर्षांची ग्रॅच्युइटी अठरा हजार दिरहॅम निघाली. मालक म्हणाले, निम्मी आत्ता द्या, निम्मी हात मोकळा झाल्यावर. कंपनीची गाडी त्याच दिवशी काढून घेतली. साडूंनी किल्ली देताना टायरमधली हवा तपासायला सांगितली.

एकतीस डिसेंबर झाला, एक जानेवारी झाला, आणि जगात कुठेच काही बंद पडलं नाही. मॅनेजरसाहेबांनी दाखल्यावर दुसऱ्या कुणाची सही घेऊन तो पाठवूनही दिला. पण यार्डाचे मॅनेजर, एक वयस्क सुदानी गृहस्थ, पठाण आणि मलबारी लोकांत वीस वर्षं काढल्यामुळे छान हिंदी बोलत. त्यांनी कागद परत पाठवला. फोनवर मला म्हणाले, "जो आदमी इधर बैठा, वो साइन करेगा. मैं इस नाम को पहचानता नहीं, हबीबी." झालं. डिसेंबर हातचा गेला. गुंतवणूकदारांनी जानेवारीच्या मध्यापर्यंत मुदत वाढवून दिली, ती शेवटची. मॅनेजरसाहेबांनी साडूंना बोलावलं नाही आणि साडूंनी त्यांना विचारलं नाही.

एकोणतिसावा रोजा गुरुवारी होता. सकाळीच साडूंचा फोन आला. "दुपारनंतर मोकळे आहात? खोर फक्कानला जायचंय. गाडी नाही माझ्याकडे."

"अहो, तुम्हाला काढलंय."

"नोटिशीत माणूस कंपनीचाच असतो. तुम्हीच म्हणालात."

म्हटलं होतं खरं. निघालो. धैदच्या पुढे रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि मध्येच उंट. साडू पाणीही पीत नव्हते. यार्डात सगळ्यांचा रोजा आहे, म्हणून त्या दिवशी त्यांनीही धरला होता. मसाफीच्या बाजारात मी गाडी थांबवली तर त्यांनी एक कलिंगड टिचकी मारून पाहिलं, परत ठेवलं, दुसरं पाहिलं, आणि यातलं कोणतंच आज कापून पाहता येणार नाही म्हणून न घेता परत आले. डोंगराच्या वळणांवर माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. चंद्र दिसला तर साडू खरे ठरणार, सॉफ्टवेअर खोटं ठरणार, बिल अडकणार, गुंतवणूकदार जाणार आणि माझ्यासकट एकशे चाळीस माणसं रस्त्यावर येणार. नाही दिसला तर कंपनी वाचणार आणि साडू मात्र एका कॅलेंडरपुढे खोटे ठरून घरी जाणार. घरचा माणूस शेजारी बसलेला असताना मी चंद्र दिसू नये म्हणून मनातल्या मनात मागत होतो. आणि लगेच, निदान थोडा तरी दिसू दे, असंही मागत होतो.

पोचलो तेव्हा इफ्तारची तयारी चालली होती. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून खजूर, ताक आणि हरीस, म्हणजे गहू-मटणाची खिचडी, मांडली होती. सुदानी मॅनेजरनी साडूंना मिठी मारली. साडूंनी आधी आकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, "चाँद किधर से दिखेगा?"

मॅनेजरनी हात वर करून यार्डाच्या पाठीमागे उभा असलेला काळा डोंगर दाखवला. "पश्चिम उधर है. पहाड़ के पीछे. इधर से चाँद कभी नहीं दिखता, मेरे भाई. इधर तो समुंदर है, सूरज निकलता है."

जमलेले पठाण हसू लागले. एकजण म्हणाला, "इंजिनियर साहब पूरा पहाड़ चेक करने आया है." साडू त्या डोंगराकडे बघत राहिले. जन्मभर प्रत्येक गोष्ट स्वतः बसून पाहिलेला हा माणूस, अख्ख्या देशातल्या ज्या बाजूने चंद्र दिसत नाही नेमक्या त्या बाजूला येऊन उभा राहिला होता.

"मग तुम्हाला कळतं कसं?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"टीव्ही बोलता है."

"और आप मान लेते हैं?"

"जिन्होंने देखा, कसम खाके बोलते हैं. किसी का तो मानना पड़ेगा, यार."

उपास सुटला. आम्ही ऑफिसच्या खोलीत टीव्हीपुढे बसलो. एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला आमचा कॉम्प्युटर. साडूंनी खजूर हातात घेतला होता, तो तोंडात घालायचं त्यांना सुचत नव्हतं. टीव्हीवर आधी कुराणपठण झालं, मग बराच वेळ समुद्राची चित्रं. शेवटी निवेदक आला, अरबीत काहीतरी वाचून गेला, आणि खोलीतल्या माणसांनी मान हलवून पुन्हा ताकाचे पेले उचलले.

"क्या बोला?" मी विचारलं.

"नहीं दिखा. कल तीसवाँ रोजा. ईद परसों."

म्हणजे कॅलेंडर बरोबर, मुंबईची मुलं बरोबर, जनरल मॅनेजर बरोबर. साडूंकडे बघायचा मला धीर होत नव्हता. बघितलं तेव्हा ते कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले होते. तिथल्या कारकुनाला त्यांनी सुट्टीनंतरची तारीख घालायला लावली, एका संत्र्याच्या कंटेनरचं बिल काढायला लावलं, कागद दिव्याखाली धरून बोटांवर दिवस मोजले. मग त्यांचा चेहरा असा फुलला की फ्रिज आपला आपण बंद होऊन परत चालू झाल्यावरही फुलला नसेल.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे हो. चांगलं केलंय पोरांनी."

"अहो, पण तुमचं म्हणणं चुकलं ना."

"माझं म्हणणं कुठे होतं? मला पाहायचं होतं." एवढं म्हणून त्यांनी तो खजूर तोंडात टाकला.

दाखल्याची एक कोरी प्रत मॅनेजरच्या खणात होती. 'सर्व परिस्थितींत' हे शब्द साडूंनी खोडले. त्याखाली इंग्रजीत हाताने लिहिलं की एक ईद पाहिली, ती जुळली, पुढच्या ईदेपूर्वी यार्डाच्या माणसाला सुट्टी स्वतः भरता येईल असं करून द्यावं. आणि सही केली. मॅनेजरनी ते दोनदा वाचलं. "इतने साल में पहली बार किसी कंपनी ने लिखके दिया कि उसने क्या नहीं देखा," असं म्हणून त्यांनी खाली आपली सही केली. परतताना साडू गाडीत गाढ झोपले होते.

ईदची सुट्टी संपल्यावर कागद ऑफिसात गेला, बिल गेलं, दोन लाख चाळीस हजार आले. उरलेले एक लाख वीस हजार वर्षभर काम बिनतक्रार चाललं तरच मिळणार होते. गुंतवणूकदारांचा हप्ता सुटला. शनिवारच्या सभेत मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. साडूंच्या हाताने लिहिलेल्या ओळीबद्दल मात्र ते माझ्यापाशी चिडले. ग्राहकाच्या कागदावर आपली उणीव लिहून देणारा माणूस कंपनीत कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. नोटीस मागे घेतली गेली नाही. मालक आपल्या शब्दाप्रमाणे मध्ये पडले नाहीत.

फेब्रुवारीत साडू आणि ताई मिरजेला गेले. मुलीला मी व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे ठेवून घेतलं. तिचीही शाळा ऊद मेथाचीच, आमच्या घरापासून जवळ. तिने आमच्या हॉलमध्ये टेबल लावून दहावीचा अभ्यास केला. दर शुक्रवारी साडूंचा फोन येई. अभ्यास कसा चाललाय असं ते कधी विचारत नसत. "कुठलं गणित सुटत नाही ते सांग," म्हणत. ती म्हणायची, "ऑल फाइन, बाबा." पलीकडून ते म्हणत, "ऑल फाइन कशाला सांगतेस, न सुटणारं सांग." मग ती सांगे आणि फोनवर बराच वेळ समीकरणं चालत. त्र्याऐंशी टक्के मिळाले.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगतो. तिकडे अमेरिकेत या धंद्याचा फुगा बसला आणि इकडे आमच्या काचेच्या इमारतीतली हवा गेली. गुंतवणूकदार आधी फोन उचलेनासे झाले, मग त्यांचे वकील उचलू लागले. घाईने सह्या घेऊन पाठवलेल्या बिलांवर ग्राहक एकेक खुसपट काढू लागले आणि त्यांचं खोटंही नव्हतं. मॅनेजरसाहेब कॅनडाला गेले. जाताना माझ्याकडे आले. हिशेब नीट ठेवल्याबद्दल मनापासून आभार मानले आणि कधी गरज लागली तर कळवा म्हणून पत्ता दिला. एकशे चाळीसचे बावीस राहिलो, त्यांचाही एक पगार थकलेला. यार्डासाठी ती सुट्टी भरायची स्क्रीन मात्र राहिलेल्या एका मुलाने करून दिली होती, कारण सुदानी मॅनेजर दर महिन्याला त्या हस्तलिखित ओळीची आठवण देत. पुढच्या रमजानात त्यांच्या कारकुनाने ईद स्वतः भरली.

२००१ च्या जानेवारीत यार्डाचे राहिलेले एक लाख वीस हजार आले. पूर्ण आले, एक दिरहॅम कापला नाही, एक प्रश्न विचारला नाही. त्या महिन्यात कंपनीला आलेले तेवढेच पैसे. मी चेक लिहून मालकांपुढे ठेवले. पूर्वी ते बोलता बोलता सह्या करत. त्या दिवशी प्रत्येक चेक वाचत होते. साडूंच्या राहिलेल्या ग्रॅच्युइटीचा चेक वरच ठेवलेला होता. तिथे ते थांबले.

"कसे आहेत हो?"

"बरे आहेत. मिरजेत कारखान्यांची वायरिंगची कामं घेतात."

"रागावलेत?"

"तुमचं नाव निघालं की तब्येत विचारतात."

मालकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "मी बोलायला हवं होतं त्या वेळी," असं म्हणाले आणि सही केली.

रात्रीचे दर स्वस्त असले तरी मी फोन दुपारीच लावला. पैसे पाठवल्याचं सांगितलं. साडूंनी विचारलं, "बाकीच्यांचे पगार?"

"निघाले."

"सगळ्यांचे? ती टेलिफोनवरची मुलगी?"

"तिचाही."

परदेशी फोनच्या मीटरवर बरेच आकडे पळाले. "मग चांगलं झालं," ते शेवटी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच फोनवर म्हणाले याचं मला नवल वाटलं.

शेवटचा हिशेब असा. यार्डाकडून जमा एक लाख वीस हजार दिरहॅम. त्यातून बावीस जणांचा एका महिन्याचा पगार एक लाख अकरा हजार. आणि मिरजेला साडूंना नऊ हजार, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने एक लाख पंधरा हजार रुपये.